भाव कोण ठरवतो?
ऑस्ट्रियन अर्थशास्त्र आणि किनाऱ्यावरचा वाचता तरुण

पापलेटचा भाव कोण ठरवतो? मुरूड, राजपुरी, दिघी किंवा रेवदंड्याच्या बंदरावर हा प्रश्न विचारला तर तीन उत्तरे हमखास मिळतात. नाखवा म्हणतो, दलाल ठरवतो. दलाल म्हणतो, मुंबई ठरवते. आणि गिऱ्हाईक म्हणते, तुम्ही सगळे संगनमताने ठरवता! तिन्ही उत्तरांत थोडे थोडे तथ्य आहे, पण पूर्ण उत्तर एकातही नाही. हे पूर्ण उत्तर शोधण्याचा ध्यास ज्यांनी घेतला त्यांत ऑस्ट्रिया देशातील व्हिएन्ना शहराच्या काही विद्वानांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांच्या विचारपरंपरेला ‘ऑस्ट्रियन अर्थशास्त्र’ म्हणतात.

आपल्याकडील कॉलेजांच्या अभ्यासक्रमात हा विषय जवळजवळ नाहीच. बी.कॉम. किंवा अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या मुलाला केन्सचे नाव ठाऊक असते, पंचवार्षिक योजनांचे आकडे पाठ असतात. पण मेंगर, मिझेस, हायेक ही नावे तो फार तर एखाद्या तळटीपेत पाहतो. तरीही वाचनाची ओढ असलेले तरुण या ग्रंथांपर्यंत पोहोचतात. एकेकाळी त्यासाठी मुंबईच्या ग्रंथालयांत खेटे घालावे लागत. आता यांतील बरेच ग्रंथ मोबाईलवर मोफत आणि रीतसर मिळतात. प्रश्न पुस्तक मिळण्याचा राहिलेला नाही. ते नेटाने वाचण्याचा आणि आपल्या बाजारपेठेशी ताडून पाहण्याचा आहे.

व्यापाराच्या पानावर एवढा जड विषय कशासाठी, असे काही वाचक विचारतील. कारण सरळ आहे. कोकणचा मुस्लिम समाज हा मुळात दर्यावर्दी आणि व्यापारी समाज. दहाव्या शतकाच्या प्रारंभी अरब प्रवासी अल-मसूदी याने ‘सैमूर’ बंदराला भेट दिली. हे सैमूर म्हणजेच आपले चौल, असे बहुतेक इतिहासकार मानतात. तेथे सीराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले व इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुस्लिम राहत असल्याचे त्याने नोंदले आहे. त्या तिजारतीचा वारसा सांगणारा आपला तरुण आज मुख्यतः नोकरीच्या शोधात आखाताची वाट धरतो. नोकरीत कमीपणा काहीच नाही. पण परत आल्यावर साठवलेल्या पैशाचे काय करायचे, दुकान टाकायचे की होडी बांधायची की जमीन घ्यायची, हा निर्णय त्याला एकट्यालाच घ्यावा लागतो. तो निर्णय चुकला तर पंधरा-वीस वर्षांचा घाम वाया जातो. बाजार कसा चालतो हे समजून घेणे ही म्हणूनच त्याच्यासाठी पंडिती हौस नाही, गरज आहे.

बाजारवार्ता लिहिणारा पंडित

या परंपरेचे मूळपुरुष कार्ल मेंगर. त्यांचा अर्थशास्त्राच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी ते वृत्तपत्रासाठी बाजारवार्ता लिहीत. पुस्तकात शिकवलेले भावाचे नियम एक सांगतात आणि बाजारातले मुरलेले व्यापारी भावाची कारणे भलतीच देतात, ही विसंगती त्यांना तेव्हाच खटकली, असे सांगितले जाते.

त्या काळचा प्रचलित सिद्धांत असा होता की, वस्तू तयार करायला जेवढे श्रम किंवा जेवढा खर्च लागतो, त्यावर तिचे मोल ठरते. मेंगर यांनी हा सिद्धांत उलटा केला. वस्तूचे मोल वस्तूत नसते. ते घेणाऱ्याच्या गरजेत असते, आणि तेही त्याच्या हाताशी अगोदरच किती माल आहे यावर अवलंबून असते. तहानलेल्याला पहिला पेला अमृतासमान, पाचवा नकोसा. होडीवाल्याने डिझेल, बर्फ आणि खलाशांचा पगार यावर कितीही खर्च केलेला असो. त्या दिवशी बंदरावर बांगड्याचा पूर आला असेल तर खर्चाचा हिशेब दाखवून भाव मिळत नाही. उलट गिऱ्हाईक सुरमईला चांगला पैसा द्यायला तयार असते, म्हणून बर्फाला आणि डिझेलला इतका खर्च करणे परवडते. खर्चावरून भाव ठरत नाही. मिळू शकणाऱ्या भावावरून किती खर्च करावा हे ठरते.

ही गोष्ट वाचायला सोपी वाटते, पण दुकान टाकताना नेमकी हीच विसरली जाते. म्हसळा, श्रीवर्धन किंवा बोर्लीच्या बाजारात गाळ्याचे भाडे, फर्निचर आणि मालाचा खर्च यांची बेरीज करून त्यावर टक्केवारीने नफा चढवला की हिशेब झाला, असे नवखा दुकानदार समजतो. मेंगर त्याला आधी विचारील: बाबा रे, हा माल या गावात किती जणांना, किती निकडीने आणि किती किमतीला हवा आहे? भाडे किती द्यायचे ते त्यानंतर ठरव.

माहिती कोणाजवळ असते?

मेंगर यांच्या पुढच्या पिढ्यांत लुडविग फॉन मिझेस (१८८१-१९७३) हे मोठे नाव. १९२० साली त्यांनी एक निबंध लिहून समाजवादी नियोजनावर मूलगामी आक्षेप घेतला. कारखाने, जमीन, यंत्रे सगळे सरकारच्या मालकीचे झाले तर त्यांची खरेदी-विक्री थांबेल. खरेदी-विक्री नाही तर भाव नाही. आणि भावच नसेल तर पोलाद पुलासाठी वापरावे की नांगरासाठी, हे कोणत्या हिशेबाने ठरवणार? नियोजन करणारे अधिकारी प्रामाणिक आणि हुशार असले तरी हा हिशेब त्यांना जमणार नाही, असे मिझेस यांचे म्हणणे होते. ‘ह्यूमन अॅक्शन’ हा त्यांचा सुमारे नऊशे पानांचा ग्रंथ १९४९ साली निघाला.

फ्रीडरिश हायेक यांनी हाच धागा पुढे नेला. १९४५ सालच्या त्यांच्या एका निबंधाची पाने जेमतेम बारा; पण व्यापार करणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी वाचावीत. समाजातील उपयुक्त माहिती कोणा एका कचेरीत गोळा झालेली नसते. ती लाखो लोकांत विखुरलेली असते. कोणत्या खाडीत आज जवळा लागला, कोणाचा टेम्पो रिकामा परत जाणार आहे, कोणत्या गावात पुढच्या आठवड्यात चार निकाह आहेत, ही माहिती ज्याची त्याला. भाव हा या विखुरलेल्या माहितीचा निरोप्या आहे. कथील महाग झाले, एवढे कळले की जगभरचे कारखानदार ते जपून वापरू लागतात. खाण बंद पडली की मागणी वाढली हे त्यांना ठाऊक असण्याची गरज नसते.

याचा जिवंत दाखला आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर मिळाला. अमेरिकन संशोधक रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर केरळातील तारली बाजारांचा अभ्यास केला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. १९९७ ते २००१ या काळात तेथे मोबाईल सेवा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्याआधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी समुद्रात फेकली जाई; आणि त्याच सकाळी पंधरा किलोमीटरवरच्या बंदरावर माल नाही म्हणून खरेदीदार रिकाम्या हाताने परतत. रोजच्या मासळीपैकी पाच ते आठ टक्के अशी वाया जात असे. फोन आल्यावर होड्या समुद्रातूनच भाव विचारून बंदर निवडू लागल्या. नासाडी जवळजवळ थांबली, बंदरा-बंदरांतील भावाची तफावत घटली, मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाईकाला मासळी सुमारे चार टक्क्यांनी स्वस्त पडली. कोणाचे काढून कोणाला दिले नाही. निरोप वेळेवर पोहोचला, एवढेच. हायेक यांनी बासष्ट वर्षांपूर्वी मांडलेल्या विचाराला मासळीबाजाराने दिलेली ही पावती होय.

आपल्या वाचकांना येथे इब्ने खल्दून यांची आठवण होणे साहजिक आहे. ‘मुकद्दिमा’ या १३७७ सालच्या ग्रंथात त्यांनी एक स्वतंत्र प्रकरण लिहून दाखवले आहे की, राज्यकर्ता स्वतः व्यापारात उतरला की प्रजेचे नुकसान होते आणि अखेर खजिन्याचा महसूलही बुडतो. इब्ने खल्दून काही ऑस्ट्रियन नव्हते आणि ऑस्ट्रियनांनी त्यांची नक्कल केली असेही नाही. पण बाजाराकडे डोळे उघडे ठेवून पाहणारी माणसे वेगवेगळ्या काळात एकाच निष्कर्षाजवळ येतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मुंबईतील एक ग्रंथसंग्रह, दिल्लीतील एक टीप

हे विचार आपल्या भागात कधी आलेच नाहीत, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. मुंबईत रणछोडदास भवान लोटवाला नावाचे पिठाच्या गिरण्यांचे मालक होऊन गेले. १९२१ साली श्रीपाद अमृत डांगे या तरुणाने ‘गांधी विरुद्ध लेनिन’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा लोटवालांनी त्याला हात दिला. मार्क्सवादी ग्रंथ विलायतेहून मागवून त्यांनी संग्रह उभा केला आणि मुंबईच्या पहिल्या पिढीतील कम्युनिस्ट तरुण त्यावर पोसले. पुढे याच लोटवालांचे मत वाचनाने आणि अनुभवाने पालटले. त्यांनी ‘लिबर्टेरियन सोशल इन्स्टिट्यूट’ ही संस्था चालवली आणि १९५० व ६० च्या दशकांत ‘द इंडियन लिबर्टेरियन’ हे नियतकालिक काढून मिझेस-हायेक यांचे विचार भारतीय वाचकांपुढे ठेवले. ज्याने तरुणांना मार्क्स वाचायला दिला, त्यानेच पुढे मार्क्सचे टीकाकारही वाचायला दिले. गंभीर वाचनाचा याहून चांगला नमुना शोधून सापडायचा नाही.

दुसरे नाव प्रा. बी. आर. शेणॉय यांचे. १९०५ साली जन्मलेल्या या विद्यार्थ्याने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हायेक यांची १९३१ ची व्याख्याने प्रत्यक्ष ऐकली. पुढे ते रिझर्व्ह बँकेत होते, नंतर गुजरात विद्यापीठात. १९५५ साली दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या मसुद्यावर देशातील नामवंत अर्थशास्त्रज्ञांच्या मंडळाने संमतीची मोहोर उठवली. एकट्या शेणॉय यांनी असहमतीची टीप जोडली. देशाची बचत जेवढी असेल तेवढीच गुंतवणूक करा; नोटा छापून तूट भरून काढाल तर महागाई आणि परकी चलनाचा तुटवडा ओढवेल, असा त्यांचा इशारा होता. योजना १९५६ साली सुरू झाली आणि १९५७-५८ मध्ये परकी चलनाचे संकट आले.

या कथेत रायगडचाही एक धागा आहे. त्यावेळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आपल्याच जिल्ह्याचे. जन्म महाडजवळच्या नाते गावी, १८९६ सालचा, घर रोह्याचे. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्या विद्वत्तेविषयी वा सचोटीविषयी कोणाला शंका नाही. मग एवढ्या विद्वान माणसांचा हिशेब शेणॉय यांच्या हिशेबापेक्षा वेगळा का आला? ऑस्ट्रियन पंथाचे उत्तर असे की, प्रश्न विद्वत्तेचा नव्हताच. साऱ्या देशाच्या गरजा आणि साधने यांचा ताळेबंद एका टेबलावर मांडता येतो, हे गृहीतच चूक होते. पटो वा न पटो, रोहा-महाडच्या विद्यार्थ्याने या वादाच्या दोन्ही बाजू वाचायला हव्यात.

शेणॉय यांची कन्या सुधा शेणॉय यांनी १९७२ साली हायेक यांच्या महागाईविषयक लेखांचे ‘अ टायगर बाय द टेल’ हे संकलन केले. दोनच वर्षांनी, १९७४ साली, हायेक यांना नोबेल पारितोषिक मिळाले; विशेष म्हणजे ते नियोजनाचे पुरस्कर्ते गुन्नार मिर्दाल यांच्याबरोबर विभागून!

महाराष्ट्रात हा विचार बांधावर नेण्याचे काम शरद जोशी यांनी केले. परदेशातील नोकरी सोडून चाकणजवळच्या आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन कसणाऱ्या या माणसाने शेतकरी तरुणांची शिबिरे घेऊन त्यांना भावाचे अर्थशास्त्र शिकवले. सरकारने शेतीमालाचा भाव पाडण्यासाठी हस्तक्षेप करू नये, हे त्यांचे सूत्र होते. ते आजही जुने झालेले नाही. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली तरी शुल्क राहिले आणि ते १ एप्रिल २०२५ रोजी पूर्ण हटले. शहरातील गिऱ्हाईकाला दिलासा देण्यासाठी हे केले गेले, हे खरे. पण पुढच्या हंगामात कांदा किती लावावा, हा निरोप भावातून घेणाऱ्या शेतकऱ्याने कोणता निरोप खरा मानायचा?

मेहरचे पाचशे रुपये

पैशाविषयी ऑस्ट्रियन ग्रंथकार काय सांगतात, हे समजायला आपल्या घरातील जुना निकाहनामा काढावा. १९६० च्या सुमारास ५०० रुपये मेहर म्हणजे चांगली रक्कम मानली जाई. त्यावेळी दहा ग्रॅम सोने सुमारे ११२ रुपयांना मिळे. म्हणजे त्या मेहरमध्ये ४४ ग्रॅमच्या वर सोने आले असते. २०२५ साली सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडला. त्या भावाने ५०० रुपयांत एक ग्रॅमचा विसावा भागही येत नाही. बाईचा हक्क कागदावर जसाच्या तसा आहे. कोणी चोरी केलेली नाही. तरी तो नाहीसा झाला आहे. ज्या आजीचे मेहर सोन्यात ठरले होते तिचा हक्क शाबूत राहिला.

मिझेस यांनी १९१२ सालीच पैशावरील ग्रंथात दाखवले की, नवा पैसा सगळ्यांच्या खिशात एकाच वेळी आणि सारखा पडत नाही. ज्यांच्या हाती तो आधी येतो ते जुन्या भावाने खरेदी करतात. पगारदार, विधवा, पेन्शनर यांच्यापर्यंत येईस्तोवर भाव चढलेले असतात. महागाई ही म्हणूनच गुपचूप होणारी वाटणी आहे.

याच विषयावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. ज्या महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली त्यांनी सत्याग्रह केला ते महाड आपल्याच जिल्ह्यातले. पण त्यांचा हा ग्रंथ जिल्ह्यातील किती पदवीधरांनी उघडला असेल? रुपया काढण्याची सत्ता चलन सांभाळणाऱ्यांच्या मर्जीवर सोडू नये, तिला पक्की मर्यादा हवी, असा त्यांचा आग्रह होता. डॉ. आंबेडकर ऑस्ट्रियन पंथाचे नव्हते; १९४७ साली त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या हाती असावेत अशी मांडणी केली. तरीही पैशाच्या प्रश्नावर हा ग्रंथ मिझेस यांच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे.

स्वस्त कर्जाविषयीचा इशाराही लक्षात ठेवावा. व्याजदर बचतीच्या मानाने कृत्रिमरीत्या खाली ठेवले की, एरवी न परवडणारे बेत परवडतील असे वाटू लागते. दर वर गेले की ते उघडे पडतात, असे हायेक सांगत. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० मध्ये चार टक्के होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहा टक्के झाला. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यावर उरण-पनवेल-अलिबागकडे जमीन घेण्याची घाई करणाऱ्यांनी ही दोन टोके डोळ्यांपुढे ठेवावीत.

सुपारीची वाडी आणि वेळेची किंमत

भांडवल म्हणजे नुसता पैसा नव्हे, त्यात वेळ गुंतलेला असतो, हे ऑयगेन फॉन ब्योम-बावेर्क यांनी सविस्तर मांडले. हे गृहस्थ ऑस्ट्रियाचे अर्थमंत्रीही होते. त्यांचा मुद्दा श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाडीवाल्याइतका कोणाला कळणार? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात सुपारी आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचे रोप लावले तर फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. भरपाईची रक्कम एका दिवसात मिळू शकते. गेलेली वर्षे मिळत नाहीत. मधल्या काळात घर चालवायला ज्याच्याजवळ बचत आहे तोच पुन्हा रोठा सुपारी लावू शकतो. बचत हाच उत्पादनाचा पाया, हे सूत्र येथे पुस्तकातून उतरून मातीत येते.

ब्योम-बावेर्क पुढे म्हणतात की, आज हाती असलेली वस्तू माणसाला वर्षाने मिळणाऱ्या त्याच वस्तूपेक्षा अधिक मोलाची वाटते आणि व्याजाचे मूळ या फरकात आहे. येथे मुस्लिम वाचक थबकणारच, आणि थबकावेच. रिबा हराम आहे, हा आपल्यासाठी चर्चेचा मुद्दा नाही. पण ब्योम-बावेर्क व्याज कसे उद्भवते ते सांगतात; ते घ्यावे की नाही हा वेगळा प्रश्न आहे. शिवाय आजच्या आणि उद्याच्या मालात फरक असतो, हे फिकहलाही अमान्य नाही. सलमच्या व्यवहारात पूर्ण किंमत आधी देऊन माल पुढे ठरल्या तारखेला घेता येतो आणि ती किंमत हजर मालापेक्षा कमी असू शकते; उधारीच्या विक्रीत किंमत जास्त ठरवणे बहुतेक फकीहांनी जायज मानले आहे. मनाई आहे ती कर्जाऊ पैशावर वाढीव पैसा घेण्याला.

हा फरक कळणारा तरुण बंदरावरील एक जुना व्यवहार नव्या नजरेने पाहील. पावसाळ्यात जाळी आणि इंजिन दुरुस्तीला पैसा लागतो. दलाल बिनव्याजी म्हणून उचल देतो. अट एवढीच की हंगामभर मासळी त्याच्याच हाती द्यायची, तो म्हणेल त्या भावाने. व्याजाचे नाव नाही. पण भावातील कपात हेच वेळेचे मोल नव्हे का? ती कपात वर्षभरात किती होते याचा हिशेब नाखव्याच्या शिकलेल्या मुलाने कागदावर मांडून पाहावा. आणि असा व्यवहार शरीयतच्या दृष्टीने कोठे बसतो, हे जाणत्या उलेमांना विचारावे.

जेथे प्रश्न विचारावा

पुस्तक वाचले की त्याचा मुरीद होणे आवश्यक नाही. ऑस्ट्रियन विचाराला दोन ठिकाणी तरी आपल्या किनाऱ्यावरून प्रश्न विचारता येतात.

पहिला प्रश्न संकटकाळच्या भावाचा. वादळानंतर पत्रे आणि ताडपत्री महाग झाली तर ती लूट की बाजाराचा निरोप? ऑस्ट्रियन उत्तर ठरलेले आहे: चढा भाव दूरच्या व्यापाऱ्याला माल घेऊन धावायला लावतो आणि ज्याचे चार पत्रे उडाले त्याला दहा घेण्यापासून रोखतो. भाव सक्तीने बांधला तर माल येत नाही, आणि आलेला माल ओळखीपाळखीत संपतो. हे बरोबर आहे. पण ज्याच्या खिशात दमडी नाही त्याला हा निरोप ऐकून काय उपयोग? त्याचे उत्तर भावात नाही, माणुसकीत आहे. जकात, सदका आणि सरकारी मदत रोख स्वरूपात त्याच्या हाती पोहोचली तर भावही मोकळा राहील आणि त्याचे छप्परही होईल. माल दडवून टंचाई निर्माण करणे ही मात्र तिजारत नव्हे, तो एहतेकार आहे. दूरवरून माल आणणारा आणि कोठारात माल दडवणारा यांना एकाच मापाने मोजू नये.

दुसरा प्रश्न समुद्राचा. जमिनीला मालक असतो, समुद्राला नाही. प्रत्येकाने आपापला फायदा पाहिला तर मासळीच संपेल. म्हणूनच पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि २०१७ साली केंद्र सरकारने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. बाजारच सगळे करील, हे उत्तर येथे अपुरे पडते. पण सगळे सरकारच करील हेही अपुरेच. समुद्रावर पहारा किती ठेवणार? एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींना २००९ साली नोबेल मिळाले ते तिसरा मार्ग दाखवल्याबद्दल: वापरणाऱ्या समाजाने स्वतः ठरवलेले आणि स्वतः पाळलेले नियम. डोलीच्या खुंटांच्या जागा आपल्या कोळीवाड्यांत परंपरेने ठरत आल्या आहेत. त्या कोणत्याही कायद्याच्या पुस्तकातून आलेल्या नाहीत. हुकुमाशिवाय उभी राहणारी अशी व्यवस्था हा हायेक यांच्याही चिंतनाचा विषय होता.

वाचावे कसे?

सुरुवातीलाच ‘ह्यूमन अॅक्शन’ हाती घेणारा बहुधा पन्नासाव्या पानावर थांबतो. आधी फ्रेंच लेखक बास्तिया यांचा ‘जे दिसते आणि जे दिसत नाही’ या आशयाचा १८५० चा निबंध वाचावा. मग हेन्री हॅझलिट यांचे १९४६ चे ‘इकॉनॉमिक्स इन वन लेसन’. त्यानंतर हायेक यांचा १९४५ चा निबंध. एवढे पचले की मेंगर आणि सर्वांत शेवटी मिझेस. भाषा इंग्रजी असली तरी प्रत्येक प्रकरणाचा सारांश मराठीत, स्वतःच्या शब्दांत लिहून काढावा. जे मराठीत लिहिता येत नाही ते समजलेले नाही, असे खुशाल समजावे.

एकट्याने वाचू नये. चार-पाच जणांनी आठवड्यातून एकदा बसावे. त्यांत एखादा दुकानदार किंवा होडीवाला असावा. पुस्तकातील वाक्य त्याच्या वहीशी जुळते का, हे त्यालाच विचारावे. बहिणींनाही या बैठकीत जागा हवी. घरखर्चाचा आणि सोन्याचा हिशेब त्यांना अधिक कळतो. केन्स यांचा १९३६ चा ग्रंथ, डॉ. आंबेडकरांचे लेखन आणि ‘मुकद्दिमा’ही शेजारी ठेवावेत. एकाच पंथाची पुस्तके वाचणारा विद्वान होत नाही, प्रचारक होतो. तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची. वाचलेल्याचा उपयोग वादात जिंकण्यासाठी करू नये. पुढच्या सहा महिन्यांत कोणत्या मालाचा भाव चढेल आणि का, हे वहीत लिहून ठेवावे आणि सहा महिन्यांनी उघडून पाहावे. अंदाज चुकले तर पुस्तक पुन्हा काढावे.

हायेक यांचा सगळा उपदेश एका वाक्यात सांगायचा तर, आपल्याला किती कमी ठाऊक आहे याचे भान ठेवा. व्यापाऱ्याला हे भान बाजार रोज देतो, पण त्याची फी भारी असते. तीच शिकवण पुस्तकातून मिळाली तर काही रात्रींच्या जागरणात भागते. आखातातून येणारा पैसा आज आहे, उद्या किती राहील कोणी सांगावे! तो आहे तोवर घराघरांत एक शेल्फ पुस्तकांचे झाले, तर चौलच्या सौदागरांच्या वारसांना पुन्हा तिजारतीत पाय रोवता येतील.